गोडा गाळ, खारा गाळ

चिखल मेलेला असतो, अशी माझी समजूत होती. पुण्याहून लग्न करून अमरावतीत आलेली, एम.एस्सी.च्या संशोधनाला नाव घातलेली आणि स्वतःला भलतीच हुशार समजणारी बाई मी. वडाळी तलावाच्या तळाचा काळा गाळ मी अकरा बाटल्यांत गळ्यापर्यंत दाबून भरला, रबरी बुचं ठोकली, बुचांवर मेण ओतलं आणि लोणच्याच्या बरण्या मांडाव्यात तशा त्या बाटल्या प्रयोगशाळेच्या कपाटात ओळीने मांडल्या. वैशाख होता. अमरावतीच्या वैशाखात कपाटाच्या पत्र्यावर पापड भाजून निघाले असते. त्या उबेने गाळातल्या जीवाणूंना जोर चढला आणि ते आपलं काम करत राहिले, म्हणजे वायू तयार करत राहिले. पाचव्या दिवशी आमचे पाठक सर बाहेरगावच्या एका प्राध्यापकांना प्रयोगशाळा दाखवत होते, तेव्हा पहिलं बूच उडालं. मग दुसरं. मी धावत जाऊन कपाटाचं दार उघडलं, हे तर अगदीच करायला नको होतं. पाहुण्यांचा कोट पांढरा होता.

पाठक सर कधी ओरडत नसत. पाहुणे हात धुऊन गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "दिवाळीच्या सुटीनंतर तुमच्याशी बोलेन. तोवर गोड्या पाण्याच्या तळाचा वायू आणि पूर्णेकाठच्या खारपाणातला वायू, प्रत्येकी दोन बाटल्या, धड भरलेल्या मला टेबलावर हव्यात. जमलं नाही तर विषय बदलू. साबणाचं पृथक्करण करायला मला कुणीतरी हवंच आहे."

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल तेव्हा. आज दलदलीतल्या त्या वायूचं, मिथेनचं, नाव वर्तमानपत्रात येतं. त्या काळी मी काय करते हे सांगितलं की बायका पदर नाकाला लावत. पण मला त्या विषयाचं वेड लागलं होतं. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन पानात जातो, पान पाण्यात पडून तळाशी कुजतं आणि तिथून तो बुडबुडा होऊन पुन्हा हवेत येतो. सगळ्या जगाचा हा फेरा गुडघाभर चिखलात उभं राहून पाहता येतो, याचं मला अप्रूप होतं. साबण मला नको होता.

प्रश्न बरोबर कोण येणार हा होता. यजमानांचं कोर्ट. सासूबाई म्हणाल्या, एकटी जायचं नाही, आणि चार दिवसांच्या वर राहायचं नाही. तेव्हा पेपराआडून आवाज आला, "मी जातो." हे माझे सासरे, निवृत्त हेडमास्तर. इकडे सासऱ्यांना मामंजी म्हणतात. पुण्यात आमच्या घरी हा शब्द जुना झाला होता, ऐकला की हसू येई, आणि पहिल्या महिन्यात मी हसलेही होते. पुण्याच्या मुलीला दुसऱ्याच्या बोलण्यावर हसायचा परवाना जन्मतः मिळतो, असं मला तेव्हा वाटे.

कौंडण्यपूर

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. कुऱ्ह्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. माझ्याजवळ बाटल्या, नरसाळी, तळाचा गाळ मारून ठेवायला विषारी औषधाची कुपी (वैशाखाने एवढं शहाणपण दिलं होतं), आणि एक पत्र्याची बादली. मामंजींजवळ छत्री, वही आणि फिरकीचा तांब्या. बाहेरगावी ते घरचंच पाणी पीत.

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. वर्धा नदी तिथे रुंद वळण घेते, काठ उंच, आणि वर टेकाडावर देवळं. अंबिकेच्या दर्शनाला गेली असताना कृष्णाने तिला रथात घालून पळवली, ती जागा मामंजींनी मला छत्रीने दाखवली. नवी सून बरोबर असताना सासऱ्याने ही गोष्ट एवढ्या रंगात येऊन सांगावी, याचं मला नवल वाटलं.

खाली घाटावर नामदेव भोई त्याचा डोंगा धुवत होता. मी त्याला बुडबुडे कुठे येतात म्हणून विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मामंजींकडे.

"मास्तर, पोरीले बरं नाही का?"

"बरं आहे. शिकते."

"काय शिकते?"

"चिखल."

नामदेवने डोंगा पाण्यात लोटला. ज्या अंगाला पाणी संथ होतं, झाडांचा पाला येऊन अडकत होता, तिथे त्याने बांबू तळाशी खुपसला. क्षणभर काही नाही. मग पाणी खदखदलं. मी पाण्याने भरलेली बाटली उलटी धरून तिच्या तोंडात नरसाळं बसवलं आणि बुडबुड्यांवर धरलं. एकेक बुडबुडा टपकन आत शिरे आणि तेवढं पाणी खाली उतरे. बाटली वायूने भरली की पाण्याखालीच बूच लावायचं आणि बाटली तशीच उलटी, बादलीतल्या पाण्यात उभी करायची. दुसऱ्या बाटलीला मी डोंग्यातून इतकी पुढे वाकले की डोंग्यात राहिलेच नाही. कमरेएवढं पाणी होतं. तिसरी बाटली मग काठाच्या गाळात अनवाणी उभी राहूनच भरली, आणि डोंग्यापेक्षा ते सोपं गेलं. तिथलाच थोडा गाळ एका बाटलीत घेऊन त्यावर औषध ओतलं, आणि ती मामंजींच्या पिशवीत ठेवली.

नामदेवच्या बायकोने आम्हाला भाकरी आणि वांग्याचं भरीत दिलं. भरतात कच्चं तेल, कच्चा कांदा आणि एवढी मिरची की मला कानांनी ऐकू येईनासं झालं. मी साखर मागितली. ती आत गेली आणि बराच वेळ आतून हसण्याचा आवाज येत होता. साखर काही आली नाही.

अमरावतीचा मोटार-स्टँड

बादली मामंजींनी मांडीवर धरून आणली. खड्डा आला की ते ती दोन्ही हातांनी वर उचलत, जणू तान्हं मूल झोपलंय. आम्ही उतरलो तर समोर पोलीस. दारूबंदीचे दिवस होते, आणि उलट्या बाटल्या भरलेली बादली घेऊन उतरणारा म्हातारा अन् त्याच्या मागे चिखलाने भरलेलं लुगडं नेसलेली बाई, हे दृश्य काही विश्वास ठेवण्यासारखं नव्हतं.

"काय हाय बादलीत?"

"बाटल्या," मी म्हणाले.

"ते दिसून राह्यलं मले. बाटल्यात काय हाय?"

"वायू. दिसत नाही तो."

"म्हंजे काईच नाही. अन् रिकाम्या बाटल्या पान्यात उलट्या घालून कोन नेते?"

भोवती माणसं जमली. त्याने एका बुचाला हात घातला. तीन बाटल्या होत्या. त्याने तिन्ही उघडल्या असत्या तर साबण होताच. मी म्हणाले, एकच उघडा, मी सिद्ध करून दाखवते. आता पाहा, शास्त्र शिकलेल्या माणसाला सिद्ध करण्याची जी हौस असते ती किती ठिकाणी नडते. त्याच्याकडूनच काडी घेतली, बूच काढलं, ज्योत तोंडाशी नेली. भप्प आवाज झाला आणि निळा जाळ बाटलीभर खाली उतरत गेला. सुंदर दिसला. मी विजयाने त्याच्याकडे पाहिलं.

तो शांतपणे म्हणाला, "पयल्या धारेची बी अशीच जयते, बाई."

हे मला माहीत नव्हतं. चांगली हातभट्टीची दारू पेटवून पारखतात, हे पुण्याच्या कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं. लोकांनी माना डोलावल्या. त्यांना माहीत होतं. मामंजींनी मग पिशवीतून गाळाची बाटली काढली, बूच काढून ती पोलिसाच्या नाकाखाली धरली आणि वर्गात विचारत असतील तशा आवाजात विचारलं, "हे कोण पिईल?"

पोलीस दोन पावलं मागे गेला. जरा वेळाने, नाक चोळत, माझ्याकडे वळला.

"बाई, हे घरी नेऊन काय करता?"

"अभ्यास."

"नवऱ्याले माहीत हाय?"

"नवऱ्याच्या बापाला माहीत आहे," मामंजी म्हणाले. "तो मी."

"मंग जा बाप्पा," तो म्हणाला.

घराच्या वाटेवर मामंजींनी बादलीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "दोन उरल्या. दोनच हव्या होत्या ना?" मी हो म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी बादली माझ्या हातात दिली नाही.

पूर्णेकाठी

दुसऱ्या पहाटे बडनेऱ्याहून गाडीने अकोला, तिथून दमणी, म्हणजे दोन माणसं जेमतेम मावतील अशी हलकी बैलगाडी. अकोल्याच्या उत्तरेला गेलं की झाडं हळूहळू नाहीशी होतात. मैलोन् मैल काळी सपाट जमीन, फुटलेला कापूस आणि वर आभाळ. माती इतकी खोल की विहीर खणावी तर पाणी लागतं, पण ते खारं. हा खारपाण पट्टा. मातीतले क्षार पाण्यात उतरतात. त्या पाण्याने डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो.

आम्ही उतरलो ते सुभद्राबाईंकडे. त्यांचा मुलगा एकेकाळी मामंजींचा विद्यार्थी, आता त्याच गावात शाळेवर शिक्षक, आणि त्या दिवशी कामासाठी तालुक्याला गेलेला. घर सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. पाच वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीने दीक्षा घेतली होती. सुभद्राबाई पन्नाशीच्या, उंच, हाताला घट्टे पडलेल्या. त्यांनी मामंजींपुढे तांब्या ठेवला.

"पावसाचं धरून ठेवलेलं हाय, मास्तर. हिरीचं तुमच्या घशाखाली उतरनार नाही."

मामंजींच्या हातात त्यांचा फिरकीचा तांब्या होता, अमरावतीच्या पाण्याने भरलेला. त्यांनी तो खाली ठेवला, सुभद्राबाईंचा तांब्या उचलला आणि अर्धा रिकामा केला. मग माझ्याकडे दिला. सासूबाईंनी विचारलं तर काय सांगायचं, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

दुपारी मी नदीच्या जुन्या पात्रातल्या डोहात उतरले. चपला काठावर. इथला चिखल वर्धेच्या चिखलासारखा नव्हता. पाय घातला की तो धरून ठेवी. मी बांबूने खुपसत राहिले, नरसाळं धरून राहिले. पाणी ढवळलं, काळा धूर पसरावा तसा गाळ वर आला, सडक्या अंड्यांसारखी घाण सुटली. बुडबुडे आले नाहीत. जागा बदलली. पुन्हा नाही. दोन तास झाले आणि बाटलीच्या बुडाशी अंगठ्याच्या नखाएवढा वायू जमला. काडी लावली तर विझली.

मी काठावर बसले. मामंजी छत्री धरून शेजारी उभे. मला वाटलं, मला जमत नाही. पाठक सर बरोबर होते. मी साबणाच्या वड्या मोजत म्हातारी होणार.

संध्याकाळी परत आल्यावर पाय धुतले तर जोडवी काळी ठिक्कर. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. नव्या सवाष्णीची चांदीची जोडवी काळी पडणं हे सासूबाई कसं घेतील, एवढंच डोक्यात उरलं. संशोधन बाजूला राहिलं. मी चुलीतली राख घेतली, चिंचेचा कोळ मागितला आणि डावा पाय पुढे घेऊन घासायला बसले. विज्ञानाची पदवी घेतलेली बाई डोळ्यांसमोरचा पुरावा राखेने घासून काढत होती, आणि तेही मन लावून. अर्धा तास लागला. डावं जोडवं चकचकीत झालं. मी उजव्या पायाला हात घातला, तेव्हा मामंजी वही मिटत म्हणाले, "काल वर्धेच्या गाळात उभी होतीस, तेव्हा नव्हती काळी झाली. काहून?"

मी हात थांबवला.

चुलीपाशी भाकरी थापत असलेल्या सुभद्राबाई वळून म्हणाल्या, "घासू नको, पोरी. उद्या पुन्हा व्हतात. आमच्या गावच्या साऱ्या बायांची अशीच. सासरी आल्यावर म्हैनाभरात काळी पडतात, मंग आमी नादच सोडून देतो."

"सगळ्या पाण्यात होतात?"

"सगळ्या कायले? नदीच्या डोहात व्हतात, नाल्यात व्हतात. शाळेमागं पावसाचं तळं हाय, तिथं नाही. तिथं म्हशी बसतात. म्हैस उठली का पानी कसं बुडबुडते. डोहात त्या बसतबी नाहीत अन् बुडबुडतबी नाही."

मी तिथेच पाटावर बसून राहिले. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. चांदी काळी करतो तो गंधकाचा वायू, त्या सडक्या अंड्यांच्या वासाचा. खाऱ्या पाण्यात गंधकाचे क्षार असतात, ते खाणारे जीवाणू निराळे. ते आधी सगळा कुजका पाला फस्त करतात आणि हा वायू सोडतात. मिथेन करणाऱ्यांच्या वाटणीला काही उरतच नाही. म्हणजे मी बांबू चुकीचा खुपसत नव्हते. तिथे बुडबुडा नव्हताच.

जेवताना वरण आलं. मी त्या आनंदात घरच्यासारखं विचारून बसले, "गूळ घातलाय का?"

"वरनात गूळ?" सुभद्राबाई मामंजींना म्हणाल्या. "मास्तर, कोनाचं लगन हाय का आज?" मामंजी हसले. मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

सकाळी मी शाळेमागच्या तळ्यात उतरले, एक पाय पांढरा आणि एक काळा. सुभद्राबाई काठावर उभ्या राहून जागा सांगत होत्या: "तिकडं नाही, म्हशीच्या उजव्या अंगाले." तासाभरात दोन बाटल्या भरल्या. घासलेलं जोडवं दुपारपर्यंत त्या गाळात ठेवलं, पांढरंच राहिलं. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर दोन पाणी आणि दोन गाळ.

पुन्हा अमरावती

सुटीनंतर मी सगळं टेबलावर मांडलं. कौंडण्यपूरच्या दोन, तळ्याच्या दोन, आणि शेवटी डोहातली एक, पाण्याने भरलेली.

"खाऱ्या पाण्याच्या दोन बाटल्या सांगितल्या होत्या," पाठक सर म्हणाले.

"भरल्या नाहीत, सर."

"म्हणजे आणलं नाही."

"आणलं आहे. तिथे वायू येत नाही, हेच आणलं आहे."

मी पिशवीतून तिन्ही ठिकाणच्या गाळाच्या बाटल्या काढल्या. मी डोहाच्या गाळावर आम्लाचे थेंब टाकले, वर शिशाच्या क्षाराचा कागद धरला. तो काळा झाला. वर्धेच्या आणि तळ्याच्या गाळावर धरला, पांढराच राहिला. मग मी चप्पल काढून पाय पुढे केले. आमच्या प्रयोगशाळेत कुणा बाईने असं कधी केलं नसेल. सर खुर्चीवरून उठले, चष्मा पुसला, वाकून दोन्ही जोडव्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"कुणाच्या लक्षात आलं हे?"

"विचारलं मामंजींनी. सांगितलं सुभद्राबाईंनी. मी नुसतं घासलं."

"मग त्या बाईंचं नाव लेखात आलं पाहिजे," सर म्हणाले. "आणि विषय तोच ठेवा."

परतलो त्याच दिवशी घरी सासूबाईंनी काळ्या जोडव्याकडे पाहिलं होतं आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या. मामंजींनी त्यांना आधीच काहीतरी सांगितलं असणार. काय, ते मला आजवर कळलेलं नाही.

लेख छापून यायला वर्षाहून अधिक काळ गेला. इंग्रजीत होता, चार पानं. वर माझं नाव, त्याखाली सरांचं, आणि शेवटी आभारात सुभद्राबाईंचं आणि त्यांच्या गावाचं. मला इतका अभिमान वाटला की मी तो अंक शेजारच्या सगळ्या घरांतून फिरवून आणला, कुणालाही एक ओळ समजली नसताना. पण ज्यांना दाखवायचा त्या अकोल्यापलीकडे होत्या. मी आणि मामंजी पुन्हा दमणीत बसलो.

सुभद्राबाई कापूस वेचून नुकत्या आल्या होत्या. मी अंक उघडून त्यांच्यापुढे धरला, नावावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं: खाऱ्या गाळातले जीवाणू कोणते, गोड्या गाळातले कोणते, बुडबुडा इथे का येत नाही आणि तिथे का येतो. पुण्याच्या शुद्ध भाषेत, हातवारे करून, चांगला पाऊण तास. त्यांनी पदराला हात पुसले, नावावरून एकदा बोट फिरवलं, अंक मामंजींकडे दिला आणि मला म्हणाल्या:

"हे त मले लगन होऊन आली तवापासून ठाऊक हाय, पोरी. इचारलं तूच पयल्यांदा."